दिघीनंतरचे रकाने

मालूबाई : नाही, नाही, उद्या नाही. उद्या पूर्णिमाच्या शाळेतल्या पोरींच्या सायकली बांधाबांधीला लागतील. सांगायचं तर आजच.

शालिग्राम : अगं, फोनवर सांगतो ना तिला. समोर बसून नाही जमायचं मला.

मालूबाई : फोनवर तुम्ही काय सांगाल ते मला पाठ आहे. तब्येत कशी, थंडी कशी, आणि ठेवून द्याल. पाच वाजता पूर्णिमा येऊन राहिली. ती या खुर्चीत बसेल, तुम्ही त्या खुर्चीत बसा आणि सरळ सांगा, की बाई, मी कोकणात सायकल चालवली नाही.

शालिग्राम : चालवली! पहिला दिवस पूर्ण चालवली. अलिबाग ते मुरूड. पन्नासच्या आसपास किलोमीटर झाले होते.

मालूबाई : आणि पुढचे सहा दिवस?

शालिग्राम : हळू बोल. बाजूला ऐकू जातं.

मालूबाई : जाऊ द्या ऐकू. अख्ख्या राजपुरा मोहल्ल्याला सात दिवस फोटो पाठवले तेव्हा बाजूवाल्यांची आठवण नाही झाली? सायकल समुद्रापाशी, सायकल देवळापाशी, सायकल माडाखाली. सायकल फिरली बिचारी, तुम्ही एसटीत बसून होते.

शालिग्राम : तुला कळलं कसं, ते तरी सांग एकदा. मी तर तुलाही काही बोललो नव्हतो.

मालूबाई : तुमची बॅग कोणी उपसली? मीच ना? सात दिवसांचे सात शर्ट, त्यात दोनच घामाचे. बाकीचे पाच नुसते चुरगळलेले. मिलमधून यायचे तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं तुमचे कपडे धुतले मी. मला घाम शिकवता?

शालिग्राम : म्हणजे आल्याच्या दिवशीच? दोन महिने झाले, मालू. तू माझ्या सत्काराला आली होतीस. पहिल्या रांगेत होतीस.

मालूबाई : होते ना. नवं लुगडं नेसून होते. टाळ्या पण वाजवल्या. तुमच्या खांद्यावर शाल टाकली तेव्हा मला वाटलं, ही जमीन फाटावी नि मी आत जावं. पण म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याची हौस आहे, कोणाचं काय बिघडतं? आता बिघडून राहिलं. म्हणून आज सकाळी तोंड उघडलं.

शालिग्राम : बिघडेलच असं नाही. पोरी तरुण आहेत.

मालूबाई : चौदा-चौदा वर्षांच्या आहेत! सहा जणी! आणि तुम्ही लिहिलेला तो कागद घेऊन कोकणात चालल्या आहेत. पाणी कुठं, सावली कुठं, चढ किती. त्यातलं खरं किती आहे, सांगा बरं मला.

शालिग्राम : पाच वाजत आले, मालू.

मालूबाई : बघा. मलाच नाही सांगू शकत. दार वाजलं वाटतं. मी चहा ठेवते. पण माझे कान इकडेच आहेत हं.

पूर्णिमा : काका! येऊ ना? अरे, काकू कुठे? एकदम मस्त वास येतोय आल्याचा.

शालिग्राम : ये बेटा, बस. शनवाऱ्याहून चालत आलीस?

पूर्णिमा : नाही, स्कूटीवर. शाळेतून धूलकोटहून आले, घरी बॅग टाकली नि लगेच इकडे. दहा मिनिटं बसते फक्त, काका. खूप कामं आहेत यार. परवाची गाडी. कल्याणपर्यंत रेल्वे, तिथून टेम्पो ठरवलाय अलिबागपर्यंत. सायकली त्यातच. पोरी तर झोपत नाहीयेत. काल एकीनं मला विचारलं, मॅडम, समुद्राचं पाणी रात्री कुठे जातं?

शालिग्राम : हं. भरती-ओहोटी असते.

पूर्णिमा : अरे हो, हे बघा! तुमचा रूट. मी लॅमिनेट करून घेतला. सात कॉपी. सहा पोरींना एकेक, एक मला. हँडलला बांधायचा. कसा झालाय?

शालिग्राम : लॅमिनेट केलंस?

पूर्णिमा : मग! पाणीबिणी उडालं तर? काका, सही में, असा कागद मी पाहिला नाही कुठे. नेटवर सगळे नुसते फोटो टाकतात. तुम्ही कसं, रकाने पाडून. अंतर, चढ, पाणी, सावली, मुक्काम. दर पाच किलोमीटरला एक ओळ. मिलवाल्या माणसाचं काम वेगळंच दिसतं.

शालिग्राम : ते आपलं... सवय आहे हाताला.

पूर्णिमा : दोनच शंका आहेत. विचारू? हे इथे. दुसरा दिवस. मुरूड, आगरदांडा, मग बोटीनं सायकलसकट पलीकडे दिघीला. बरोबर? आणि दिघीनंतर तुम्ही लिहिलंय, 'चढ किरकोळ'. किरकोळ म्हणजे किती? उतरावं लागेल का सायकलवरून?

शालिग्राम : किरकोळ म्हणजे... थोडंफार. एखाद्या वेळी उतरावं लागेल.

पूर्णिमा : ओके. आणि त्याच्या पुढच्या ओळीला लिहिलंय, 'पाणी मिळते'. हातपंप आहे, की दुकान?

शालिग्राम : दुकान... असेल. आहे. दुकान आहे.

मालूबाई : (आतून) अहो, साखर किती टाकू तुमच्या चहात? खरंखरं सांगा!

पूर्णिमा : काकू पण ना! काका, तुम्ही घामाघूम का झालात? थंडी आहे बाहेर.

शालिग्राम : काही नाही. पूर्णिमा, मी काय म्हणतो, पोरींच्या घरचे सगळे तयार आहेत ना? कोणाचं मन नसेल तर जबरदस्ती नको. पुढच्या वर्षी जाऊ म्हणावं.

पूर्णिमा : पुढच्या वर्षी कोण सोडणार, काका? दहावी येईल. याच वर्षी सोडून राहिले तेच नशीब. ती चारुलता माहीत आहे ना, समाधानभाऊंची? केळीचं शेत आहे ज्यांचं. ते तर साफ नाही म्हणत होते. पोरगी आठ दिवस भांडली घरात. मग मी गेले, तुमचा कागद दाखवला, सत्काराचा फोटो दाखवला. तेव्हा म्हणाले, हे काका एकसष्ट वर्षांचे, एकटे गेले, आणि माणूस इतकं बारीक लिहून ठेवणारा आहे, तर मग माझी हरकत नाही. तुमच्या नावावर सोडलंय त्यांनी. बाकीच्या पाच जणींचे वडील मग आपोआप तयार झाले.

शालिग्राम : माझ्या नावावर.

पूर्णिमा : हो ना. म्हणून तर आशीर्वाद घ्यायला आले.

मालूबाई : हा घे चहा, बेटा. आणि हे घ्या तुम्ही. अहो, आशीर्वाद मागून राहिली ती. द्या ना. उचला हात.

शालिग्राम : नाही उचलवत.

पूर्णिमा : काय झालं? काकू, काय झालं काकांना?

मालूबाई : मी नाही सांगणार. ज्याचं त्यानं सांगावं.

शालिग्राम : पूर्णिमा, तो कागद खरा नाही.

पूर्णिमा : मतलब? कुठे चूक झाली? बदलू ना, लॅमिनेशनवाल्याचं दुकान साडेसातपर्यंत उघडं असतं.

शालिग्राम : चूक नाही, बेटा. मी तो रस्ता चालवलाच नाही. पहिला दिवस चालवला. दुसऱ्या दिवशी दिघीला बोटीतून उतरलो, दोनेक किलोमीटर गेलो. तिथून पुढे सायकल टेम्पोत टाकली. मग एसटीच्या टपावर. रत्नागिरीपर्यंत.

पूर्णिमा : मजाक नका करू, काका.

शालिग्राम : मजाक असती तर बरं झालं असतं.

पूर्णिमा : पण फोटो? तुम्ही रोज फोटो टाकत होता. हरिहरेश्वर, हर्णै, दाभोळची बोट. तुम्ही शाळेत येऊन बोललात, तेव्हा मी पोरींना मोठ्या पडद्यावर दाखवले ते!

शालिग्राम : स्टँडवर उतरायचो. सायकल उतरवायचो. समुद्रापर्यंत ढकलत न्यायचो आणि फोटो काढायचो.

पूर्णिमा : क्या बात करते हो! काकू, तुम्हाला माहीत होतं?

मालूबाई : होतं, बाई. माझंही तोंड काळं आहे. मी दोन महिने गप्प बसले. तू पोरींना घेऊन चालली हे मला कालच कळलं, तुझ्या आईनं सांगितलं बाजारात. रात्रभर डोळा नाही लागला.

पूर्णिमा : नाही, थांबा. मला समजून घेऊ दे. काका, तुम्ही तर रोज मिलला सायकलवर जायचात. जाऊन येऊन बावीस किलोमीटर. सगळं गाव सांगतं.

शालिग्राम : जायचो. सपाट रस्त्यानं. मला वाटलं समुद्राचा काठ म्हणजे आपल्या तापीकाठच्या केळीतल्या रस्त्यासारखा असणार. पाणी सपाट, तर बाजूचा रस्ता सपाट. नकाशावर बघ, निळ्या रेषेला लागून रस्ता जातो. त्यात डोंगर कुठे दिसतो? पण तिथं प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि लगेच उभा डोंगर चढायचा. पहिल्याच दिवशी मांड्या भरून आल्या. मुरूडला रात्री मला जिना चढवेना. पण ग्रुपवर फोटो टाकला, आणि त्रेचाळीस लोकांनी अंगठे दिले. रामदास, मिलमधला माझा जोडीदार, त्यानं लिहिलं, शेर आहे आपला शालिग्राम.

पूर्णिमा : मग दुसऱ्या दिवशी?

शालिग्राम : दिघीचा चढ. मी ढकलत होतो. मुलानं पाठवलेली सायकल, दीपकनं, एकवीस गिअरची. तरी ढकलत होतो. डोळ्यापुढे अंधारी येत होती. मागून एक बाई आली, माझ्यापेक्षा चार वर्षं मोठीच असेल, डोक्यावर टोपली. ती मला ओलांडून पुढे गेली. मग वळून बघितलं, टोपली रस्त्याकडेला उतरवली, परत आली, आणि काही न बोलता माझी सायकल मागून ढकलायला लागली.

पूर्णिमा : मग?

शालिग्राम : वळणावर थांबली. म्हणाली, बाबा, घरी कोण आहे का तुमच्या? मला इतकी लाज वाटली, पूर्णिमा, की मी म्हटलं, माझी गाडी येते आहे मागून. सायकल खराब झाली म्हणून चालतोय. ती माझी पहिली थाप. ती गेली, आणि खरोखरच मागून टेम्पो आला. हात केला.

पूर्णिमा : तर मग तिथून घरी यायचं ना, काका! कोण काय बोललं असतं? एकसष्ट वय आहे. लोकांनी तरीही कौतुकच केलं असतं.

शालिग्राम : आज तू म्हणतेस तसं मलाही वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. जायच्या आधी महिनाभर मी चौकात बसून सगळ्यांना सांगितलं होतं. रिटायर झाल्यापासून मला कोणी काही विचारत नव्हतं. तेव्हा विचारायला लागले होते.

मालूबाई : मी विचारत होते ना. मी काय भिंत आहे?

शालिग्राम : तू भाजी काय आणू ते विचारायचीस.

मालूबाई : घ्या! म्हणजे माझ्यावर आलं!

पूर्णिमा : काकू, प्लीज. फोटोंचं समजलं मला. माणूस करतो असं. राग आलाय, पण समजलं. हा कागद का लिहिला? तो तर कोणी मागितला नव्हता. चढ किरकोळ, पाणी मिळते, सावली भरपूर... हे तुम्ही कुठून आणलं?

शालिग्राम : मिलमध्ये माझं काम रीडिंग लिहायचं होतं. दर तासाला वाफेचा दाब, तापमान, रोलरचा वेग. एका तासाला एक ओळ. कधी चहाला गेलो, गप्पांत बसलो, तास हुकला, तर ओळ कोरी सोडायची नाही. वरचा आकडा बघायचा, खालचा बघायचा, त्यांच्यामधलं काहीतरी लिहून टाकायचं. आम्ही सगळेच करायचो. कोरी ओळ दिसली की साहेब बोंबलायचा. भरलेली कोणी तपासली नाही कधी.

पूर्णिमा : आणि इथंही तसंच?

शालिग्राम : परत आल्यावर पहिल्या दिवसाच्या ओळी लिहिल्या. त्या खऱ्या आहेत, आईशप्पथ. मग खाली सगळे रकाने कोरे. बघवेना मला. एसटीच्या खिडकीतून जे आठवत होतं ते टाकलं, बाकी मधलं भरलं. एका गावाला पाणी होतं, पुढच्या गावाला होतं, म्हणजे मध्ये असणारच. हात चालत गेला. भरून झाल्यावर इतका सुंदर दिसला कागद, की मलाच खरा वाटायला लागला.

पूर्णिमा : बसमध्ये चढ कळतो का, काका?

शालिग्राम : नाही कळत. मी झोपलोही होतो अध्येमध्ये.

पूर्णिमा : झोपला होता! आणि तिथे सावली भरपूर लिहिलं? माझ्या पोरींच्या सायकली माहीत आहेत ना तुम्हाला? शाळेतून मिळालेल्या सरकारी सायकली. एक गिअर नाही. ब्रेक मी स्वतः काल सहाच्या सहा घट्ट करून घेतले, पण उभ्या उतारासाठी नाही, 'किरकोळ' उतारासाठी. बरं, धूलकोटच्या पोरी आहेत, चढाला भीत नाहीत त्या. पण चढ आहे हे आधी कळायला नको? मी प्रत्येकीला एकच बाटली सांगितली, कारण कागदावर दर पाच किलोमीटरला पाणी आहे. भर दुपारी, त्या डोंगरावर, एखादी चक्कर येऊन पडली असती, तर मी समाधानभाऊंना काय तोंड दाखवलं असतं?

शालिग्राम : मारलं असतंस तर बरं वाटलं असतं मला.

पूर्णिमा : तुम्हाला बरं वाटायचंय अजून? सत्काराला माइकवर मी होते, काका. मी काय बोलले आठवतं? ज्यांनी एकही किलोमीटर चुकवला नाही, असे आपले शालिग्रामकाका. तुम्ही मान खाली घातली. मला वाटलं, किती साधा माणूस आहे.

शालिग्राम : त्या दिवसापासून ती शाल मी अंगावर घेतली नाही.

मालूबाई : शालीचं कौतुक नका सांगू. तिला कामाचं सांगा. बेटा, चहा गार झाला, मी दुसरा करते. पण आधी एक कर. तो कागद पुढे ठेव आणि यांना ओळीओळीनं विचार. जे खोटं आहे ते खोड.

पूर्णिमा : बरोबर. बोला काका. दुसरा दिवस. आगरदांडा बोट?

शालिग्राम : खरी. सायकल चढवता येते. मी स्वतः चढवली.

पूर्णिमा : दिघीनंतर चढ किरकोळ?

शालिग्राम : खोटं. उभा आहे.

पूर्णिमा : पेन चालत नाही यावर. लॅमिनेट केलंय ना मी. शाबास पूर्णिमा.

मालूबाई : थांब. हे घे, माझं टिकल्यांचं पाकीट. खोट्या रकान्यावर टिकली चिकटव.

पूर्णिमा : टिकली?

मालूबाई : मग काय झालं? निघायची नाही लवकर. माझ्या कपाळाची आहे, यांच्यामुळेच लावते.

पूर्णिमा : बरं. चढ, टिकली. त्याच्या पुढे पाणी?

शालिग्राम : माहीत नाही.

पूर्णिमा : टिकली. सावली?

शालिग्राम : नाही माहीत. टेम्पोत मागे सायकल धरून बसलो होतो, ताडपत्री होती.

पूर्णिमा : टिकली. दिवेआगरचा मुक्काम? 'घरगुती, बायकामुलींसाठी सुरक्षित' असं लिहिलंय.

शालिग्राम : मी स्टँडजवळच्या लॉजवर होतो. घरगुती पाटी रस्त्यावरून वाचली.

पूर्णिमा : काका! पोरींना मी तिथे झोपवणार होते!

शालिग्राम : लाव टिकली. मोठी असेल तर मोठी लाव.

पूर्णिमा : तिसरा दिवस. वेश्वीची बोट?

शालिग्राम : एसटीतून बघितली. आहे. वेळ लिहिली आहे ती अंदाजे आहे.

पूर्णिमा : केळशीचा रस्ता, 'गुळगुळीत'?

शालिग्राम : त्या रस्त्यानं गेलोच नाही. गाडी दुसरीकडून गेली.

पूर्णिमा : हर्णै ते दापोली, 'चढ मध्यम'?

शालिग्राम : गाडीनं दोनदा गिअर बदलला, एवढं आठवतं. टिकली.

पूर्णिमा : चौथा दिवस पूर्ण?

शालिग्राम : पूर्ण.

पूर्णिमा : पाचवा?

शालिग्राम : तोही. सहावा, सातवा, सगळे.

पूर्णिमा : पाकीट संपलं, काकू.

मालूबाई : दुसरं आहे आत. आणू?

पूर्णिमा : राहू द्या. दिसतंय आता. बघा ना, वरच्या दहाबारा ओळी तेवढ्या स्वच्छ आहेत. बाकी नुसता लाल.

शालिग्राम : पहिला दिवस खरा आहे, पूर्णिमा. एवढं तरी मान. रेवदंड्याच्या पुलावर वारा समोरून येतो, काशीदच्या आधीचा चढ चालत चढावा लागतो, मी चार वेळा उतरलो, ते सगळं लिहिलंय. कुठल्या घरी ताक मिळालं तेही लिहिलंय.

पूर्णिमा : वाचलंय मी. तिथे तुम्ही 'चार वेळा उतरलो' असं लिहिलंय, आणि पुढे कुठेच उतरला नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझीही अक्कल कुठे गेली होती!

मालूबाई : आता काय करशील, बेटा? रद्द करशील?

पूर्णिमा : तिकिटं काढलीत. पोरी महिनाभर वाट बघून राहिल्यात. रद्द नाही करणार मी, माझ्याच्यानं होणार नाही ते. पण रत्नागिरीही नाही. अलिबाग ते मुरूड एक दिवस, मुरूडला दोन दिवस राहू, किल्ला बघू, समुद्र बघू, आणि आल्या रस्त्यानं परत. जेवढं खरं आहे तेवढ्यावरच जायचं. मुक्कामाचं मी आज फोन करून स्वतः बघते. पण ते सगळं नंतर. आधी घरच्यांना सांगावं लागेल. त्यांनी तुमच्या नावावर हो म्हटलंय. त्यांना न सांगता मी एकही सायकल टेम्पोत चढवणार नाही.

शालिग्राम : तू सांग ना. तुझं ऐकतील ते. म्हणावं, प्लॅन थोडा बदलला.

पूर्णिमा : प्लॅन बदलला? हे पण असंच भरू का मी, मधलं काहीतरी?

मालूबाई : अहो, वर बघा. तिच्याकडे बघा. ती पोर दोन दिवसांनी सहा पोरी घेऊन निघून राहिली, आणि तुम्ही अजून तिच्याच पदराआड लपून राहिले?

शालिग्राम : समाधान शिव्या देईल मला.

मालूबाई : देऊ द्या. तुम्हाला शिव्या द्यायचा त्याचा हक्क आहे.

शालिग्राम : चौकात सगळ्यांना कळेल, मालू. रामदासला कळेल. उद्यापासून मी दाराबाहेर कसा पडू?

मालूबाई : मी पडेन ना तुमच्याबरोबर. दळण आणायला जाऊ. लोक बघतील, हसतील. चार दिवस हसतील. दोन महिने तुम्ही तसेही कुठे सुखानं झोपले? कूस बदलून बदलून गादीचा कापूस एकीकडे गेला.

पूर्णिमा : काका, मी नंबर लावते. स्पीकरवर ठेवते. समाधानभाऊंपासून सुरुवात करू. ते हो म्हणाले तर बाकीचे म्हणतील. नाही म्हणाले, तर चारू नाही येणार आणि कदाचित कोणीच नाही येणार. ते मला बघावं लागेल. पण सांगायचं तुम्ही.

शालिग्राम : लाव.

पूर्णिमा : वाजतोय.

चारुलता : हॅलो? मॅडम?

पूर्णिमा : चारू, पप्पा आहेत का गं?

चारुलता : मॅडम, पप्पा बागेत आहेत, गाडी भरायला आली आहे केळीची. येतीलच. मॅडम, मी बॅग भरली! मम्मीनं मेथीचे ठेपले करायला घेतले, सगळ्यांसाठी!

पूर्णिमा : बरं, ऐक. शालिग्राम आजोबा बोलतात तुझ्याशी.

शालिग्राम : पप्पा नाहीत म्हणते. मग नंतर करू का?

मालूबाई : अहो.

चारुलता : आजोबा! नमस्ते! आजोबा, मी तुमचा कागद तोंडपाठ केला. दुसऱ्या दिवसाच्या पण सगळ्या ओळी. विचारा कुठलीही!

शालिग्राम : नको, बेटा. ऐक. त्या ओळी विसरून जा. दिघीच्या पुढचं मी खोटं लिहिलं आहे. मी तिथं सायकलनं गेलो नव्हतो. पहिला दिवस गेलो, मग थकलो, आणि पुढे एसटीनं गेलो.

चारुलता : मतलब... शाळेत येऊन तुम्ही सांगितलं होतं ते?

शालिग्राम : खोटं होतं.

चारुलता : सगळं?

शालिग्राम : पहिल्या दिवसानंतरचं सगळं.

चारुलता : पण मी तर पप्पांशी तुमचंच नाव घेऊन भांडले, आजोबा. म्हटलं, ते आजोबा करू शकतात तर मी का नाही?

शालिग्राम : माहीत आहे मला. मॅडमनं सांगितलं. फार लाज वाटते मला, बेटा. तुझ्यासमोर जास्तच वाटते.

चारुलता : मग आता आम्ही जाणार नाही?

शालिग्राम : मॅडम नेणार आहेत, जेवढा रस्ता खरा आहे तेवढ्यावर. पण तुझ्या पप्पांनी हो म्हटलं तर.

चारुलता : ते नाही म्हणतील. तुम्ही खोटं बोललात म्हटल्यावर तर नाहीच म्हणतील. त्यांना कोण सांगणार? मी नाही सांगू शकत.

शालिग्राम : मीच सांगणार. त्यांना जे बोलायचं ते मला बोलू दे. तुझ्यावर काही येऊ देणार नाही. म्हणेन, पोरीची काही चूक नाही, तिला सोडा.

चारुलता : पप्पा आले. हातपाय धुऊन राहिले. आजोबा, फोन कट नका करू हं.

शालिग्राम : नाही करत. दे त्यांना.